शून्यापासून सात

ड्युलूथच्या हॉस्पिटलात, कॅन्टीनच्या रांगेत ऑपरेशन थिएटरची नर्स बर्निस उभी होती. तिच्या पुढे कॉम्प्युटर खात्यातले दोघे, तोइवो आणि आर्लन.

“आर्लन, सकाळी घोळ घातला मी. एक्स-रे साठवतात त्या कपाटातली सात नंबरची डिस्क मेली होती. मी भलतीच उपटली.”

“लाल दिवा दिसला नाही?”

“दिवाही मेलेला. मग मोजलं. एक, दोन, तीन...”

“अरे गाढवा, तिथे शून्यापासून मोजतात!”

“वीस वर्षं मीच शिकवतोय सगळ्यांना.”

“म्हणजे एक मेलेली, एक तू धडधाकट उपटलेली. बोंबललं असेल सगळं!”

“तेच तर! डिस्का सांभाळणाऱ्या कंट्रोलरने हूं की चूं केलं नाही. मेलेलीच्या जागी राखीव डिस्क त्याने आधीच भरायला घेतली होती. दोन्हींवरचं जे कुणी मागेल ते उरलेल्या डिस्कांवरून गणित करून देत राहिला.”

“आणि तू काढलेली?”

“परत बसवली, तर लगेच घेईना. आधी त्याने तपासली, मधल्या वेळात राहिलेलं तिच्यावर लिहिलं, मग पंगतीत बसवली. माणूस असता तर माझी गचांडी धरली असती.”

“किती वाजता झालं हे?” बर्निसने मागून विचारलं.

तोइवो दचकून वळला. “सव्वादहाला, बाई. वर काही अडलं का?”

“एका पोरीच्या श्वासनळीत पिन अडकली होती. सव्वादहाला डॉक्टर एकेक एक्स-रे मागत होते. मागितला की पडद्यावर हजर.”

“पोरगी कशी आहे?”

“चेरीची आइसकँडी हवीय म्हणते. तीच न्यायला आलेय.”

तोइवो रांगेतून बाजूला झाला.

“तुम्ही पुढे व्हा.”