पंधरा दिवस कोणी ओरडलं नाही

नाही नाही, आमच्या कंप्युटर विभागातल्या काकांनी निष्काळजीपणा केला हे तुमच्या चौकशीतलं वाक्य आधी खोडा, मॅडम — बसा ना — सगळं हॉस्पिटल त्यांच्या नावाने खडे फोडतंय, पण मशीन बंद करायची आमची रीत कुणी विचारली का? नाही विचारली. मशीन म्हणजे खोका नव्हे. दूर कुठेतरी मोठमोठ्या कंप्युटरांच्या पोटात आपल्याला भाड्याने आखून दिलेला तुकडा — इथे पडद्यावर नुसती एक ओळ दिसते. या बघा, दोनशे बारा ओळी, आणि चालू करणारे निम्मे नोकरी सोडून गेलेले. कुठली कामाची, कुठली बिनकामाची, कसं कळणार? तर काकांनीच युक्ती काढली — लगेच पुसायची नाही, नुसती बंद करायची आणि पंधरा दिवस बघायचं, कोणी ओरडतंय का. ओरडलं की या तक्त्यात नोंद करायची आणि मशीन पुन्हा चालू. नाही ओरडलं तर पुसायची. सहा वर्षांत एकदाही गडबड नाही झाली.

आता ही ‘चाचणी-सात’. नावच चाचणी, कुणालाही वाटेल अशीच करून बघितलेली. काकांना काय स्वप्न पडणार होतं, की प्रयोगशाळेतला फ्रीजर तापला की धोक्याचा मेसेज हीच पाठवते? आणि गोम तिथेच आहे — फ्रीजर धड आहे तोवर हिला बोलायचं कारणच नाही. मुळात गप्प असलेली बंद केली तर ओरडणार कोण? रोज सकाळी नऊला ‘सर्व ठीक’ एवढा एक मेसेज जायचा, बस — आणि तो थांबला तरी तो बिचारा बाराव्या दिवशी —

म्हणजे पंधरा दिवसांत कोणी काही बोललं नाही, असं म्हणत होते मी. तक्ता कोरा आहे ना? कोराच आहे. चौदाव्या दिवशी दुपारी फ्रीजर बंद पडला, कुणाला मेसेज गेला नाही, आणि एका पेशंट बाईंच्या उपचारांसाठी गोठवून ठेवलेल्या पेशी वाया गेल्या — त्यांच्या अंगातून परत काढता येणार नाहीत म्हणे. माहीत आहे मला. रोज आठवतं.

कोण बिचारा? कोणी नाही हो. असं बघू नका.

प्रयोगशाळेतला मदतनीस. काका जेवायला गेले होते, त्यांचा फोन मी उचलला. ‘ताई, बारा दिवस सकाळचा मेसेज नाही, तुमच्याकडे काही बदललंय का?’ — इतकं हळू, इतकं अदबीने, आपणच कामात व्यत्यय आणतोय अशा सुरात. याला काय ओरडणं म्हणतात? म्हणतात, मॅडम. मला कळत नव्हतं असं नाही. पण नोंद केली असती तर मशीन चालू करा, ती कुणाची ते शोधा, पुन्हा पंधरा दिवस — आणि शुक्रवारी बिनकामाची एकही मशीन उरणार नाही, असं मी साहेबांना भर मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगून बसले होते. मी म्हटलं, ‘नाही आला म्हणजे सगळं ठीकच असेल.’ तो ‘बरं ताई’ म्हणाला. त्याने ‘बरं’ का म्हणावं? चार शब्द सुनावायचे होते मला.

काकांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी कोरा तक्ता बघितला आणि पंधराव्या दिवशी मशीन पुसली, एवढंच. सकाळपासून बाहेर बाकावर बसलेत. निवृत्तीला सात महिने राहिलेत आणि तुम्ही त्यांना काढायला निघालात. एका कानाने कमी ऐकू येतं त्यांना, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. काल मला म्हणाले, ‘माझंच चुकलं असणार गं. फोन वाजला असेल, मला ऐकू आला नसेल. नाही का?’

मी ‘हो’ म्हटलं, मॅडम. त्यांच्या तोंडावर.

लिहिलंत? मग उठा आता. दार लोटून घ्या जाताना, आणि त्यांना तुम्ही काही बोलू नका, मीच सांगेन — मला जरा — जा म्हटलं ना.