सात नंबरची लाल रेघ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रायफल क्लबचे प्रमुख माननीय ल्यूदर निबी, व्यासपीठावरचे आदरणीय पाद्री एनेबो, सत्कारमूर्ती श्री. ऑर्विल हॉगन, आणि मागच्या टेबलावरच्या जेवणाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या गाववाल्यांनो,

मी क्लेटन रूड. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि "हसव, रडवू नकोस" अशी ताकीदही दिली आहे. वेळ पाळायचा प्रयत्न करतो. ताकिदीचं मात्र खरं नाही.

ऑर्विल एकतीस वर्षं आपल्या तपासणीच्या टेबलावर बसले. प्रत्येकाचं प्रत्येक काडतूस बघायचं, टोकाला लाल रंग नाही ना, मग वरून चुंबक फिरवायचा. ल्यूदरसाहेब, तुमची चाळीस काडतुसं त्यांनी एकदा परत पाठवली होती. तुम्ही म्हणालात, "अरे, मी अध्यक्ष आहे!" ते म्हणाले, "चुंबकाला माहीत नाही." हसा, हसा. मीही तेव्हा हसलो होतो.

दर गुरुवारी मी त्यांच्या गॅरेजात काडतुसं भरायला जायचो. वापरलेल्या काडतुसाचं रिकामं पितळ साफ करायचं, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. मी घाई केली की म्हणायचे, "पाव भाजतोयस का रे? तोल. अंदाज घरी बायकोजवळ कर."

त्यांच्याकडे एका डब्यात ट्रेसर होत्या. लष्कराच्या जुन्या मालातल्या, लाल टोकांच्या, पोलादी कवचाच्या. आपली साधी गोळी तांब्या-शिशाची, ती चुंबकाला चिकटत नाही, ही चिकटते. या गोळीच्या बुडाशी पोकळी असते, तिच्यात जळणारा मसाला ठासलेला. बार उडाला की त्याला आग लागते आणि गोळी लाल रेघ ओढत जाते. जिथे पडते तिथेही ती जळतच असते. म्हणून तर आपला रिवाज आहे, ट्रेसर उडवायची ती जानेवारीत, गुडघाभर बर्फात, माणशी तीन. आपल्या मोंटानाच्या वाळल्या गवतात दुसरं शहाणपण कोणतं?

अकरा वर्षांपूर्वीचा ऑगस्ट मी तुम्हाला काय सांगणार? स्पर्धा चालू होती, निशाणांमागच्या उतारावर धूर दिसला, आणि पश्चिमेचा वारा सुटलेला. ड्वाइट स्ट्रो ट्रॅक्टर घेऊन आगीपुढे जमीन नांगरायला गेला, तो परत आला नाही. मार्लिसवहिनी, तुम्ही पहिल्या रांगेत आहात. तुमच्याकडे बघून हे बोलवत नाही, आणि न बघता बोलणं बरं दिसत नाही.

चौकशीत ट्रेसरचं जळकं कवच सापडलं. ऑर्विल एवढंच म्हणाले, "तपासणी माझी होती. माझ्या हातून सुटलं. कोणाची गोळी, ते दिसलं नाही." त्यानंतर आपण काय केलं? टेबलावर त्यांनाच बसवलं, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको होतं. आणि कॅफेत ते आले की पेपरात तोंड घातलं. "म्हातारा झोपला होता," असं कोणी म्हणालं की मी मान हलवायचो. हो, मीसुद्धा.

मंडळी, ती गोळी माझी होती.

त्या वसंतात ऑर्विल बाहेरगावी असताना मला त्यांना खूश करायची हौस आली. गॅरेजातल्या सगळ्या मळक्या गोळ्या, त्या डब्यातल्या ट्रेसरसुद्धा, मी अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घालून फिरत्या पिंपात घोळवल्या. निघाल्या त्या दागिन्यांसारख्या. लाल रंग मात्र भुशात गेला. ट्रेसर जरा लांब असते, म्हणून मी नजरेनं निवडून वेगळ्या केल्या. नजरेनं! तोलणाऱ्या माणसाच्या घरात मी अंदाज केला. एक तरी साध्या गोळ्यांत राहिली, आणि माझ्या काडतुसात भरली गेली.

सात नंबरच्या, म्हणजे माझ्या जागेवरून ती सुटली. बाकीच्यांचे डोळे आपापल्या निशाणावर होते, पण मी रेघ पाहिली. अजून बघतो. दाढी करताना, चर्चमध्ये, मुलीला शाळेत सोडताना. डोळे मिटले तर जास्त लाल दिसते.

गेल्या मंगळवारी मी त्यांचं सामान बांधायला गेलो. न राहवून विचारलं, "ऑर्विल, तुम्ही आमच्या मागे उभे होतात. ट्रेसर मागूनच सगळ्यांत स्वच्छ दिसते."

ते कप कागदात गुंडाळत राहिले. "सात नंबर. दिसलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या काडतुसांना मी चुंबक लावलाच नव्हता. म्हटलं, क्लेटनची आहेत, माझ्याच गॅरेजातली. मग तुझ्याकडे बोट कुठल्या तोंडानं दाखवू? आणि तुझी एडिथ सात महिन्यांची पोटुशी. एक घर बसलं तेवढं पुरे झालं." मग म्हणाले, "आता तू तोंड उघडू नकोस, पोरा. मी जातोच आहे ना."

ऑर्विल, आयुष्यात तुमचं एवढंच ऐकत नाही. तुम्ही मुलीकडे राहायला निघालात. आमचा केक न्या, शाल न्या. माझं ओझं नेऊ नका.

शेवटी रीतीप्रमाणे आभार. अध्यक्षांचे, सकाळपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींचे, तुम्हा सर्वांचे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा करा, असंही म्हणायचं असतं. पण आज बोलण्यात माझं काही चुकलेलं नाही. चुकलं ते अकरा वर्षं गप्प बसण्यात, आणि त्याची क्षमा सभेकडे मागून भागणार नाही.

मार्लिसवहिनी, मी खाली तुमच्याकडे येतोय. तुम्ही उठून गेलात तरी मी समजेन.