लिंबागणेशचे पाहुणे

मला पाहायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. तेव्हा मी विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकत होते आणि सुट्टीला पाटोद्याला आले होते. पाहुणे लिंबागणेशचे. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, बजावलं होतं, "विषय विचारला तर समाजशास्त्र म्हण." पण चहा घेता घेता मुलाच्या वडिलांनी विचारलं आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

"म्हंजे गुन्हे करायला शिकवतेत का काय?"

"नाही मामा, ओळखायला. आता तर कॉम्प्युटरवरचे गुन्हेसुद्धा शिकवतात."

"आमचं पोरगं बी लई शिकलंय, बघ," म्हणत त्यांनी मुलाची पदवी आणि पुण्याच्या कंपनीचं नोकरीचं पत्र माझ्या हातात दिलं.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. पदवीवर कुलगुरूंची सही, पत्रावर मॅनेजरची. दोन्ही अगदी शेवटच्या फराट्यासकट एकच! मुलगा मान खाली घालून बसला. आण्णा डोळे वटारून मला गप करत होते. पण मला राहवेना.

"मामा, कुलगुरू ह्यांच्या कंपनीत मॅनेजर आहेत का?"

मामांनी कागद ओढून घेतले, चष्मा लावून सह्या पाहिल्या आणि लालबुंद झाले.

"लई हरामखोर निघाला तो कॉम्प्युटरवाला! दोन येगळ्या सह्या सांगितल्या व्हत्या, एकच मारली दोन्हीवर. पोरी, त्याच्यावर केस करता येती का?"