ट्रॅक्टरवर अण्णा बोलत नसत

मिस्त्री : ...हां हां, ताई, बॉनेटला हात नका लावू! ओलं आहे अजून. कालच दुसरा हात मारलाय रंगाचा.

ताई : हा लाल कुणी ठरवला? हा तर पार विटकरी होता.

बाळ्या : कंपनीचा मूळ रंग लालच, ताई. जुने फोटो शोधून काढले मी. ओळखू येतोय का बघ.

ताई : म्हाताऱ्याला नवरदेव केलाय. कसा काय सापडला रे तुला?

मिस्त्री : सापडला कसला, पुरलेला होता! वीटभट्टीच्या मागे, ओढ्याला लागून. मागची चाकं अर्धी चिखलात, गिअरबॉक्सच्या शेजारून झाड उगवलेलं. क्रेन आणली, तर क्रेनच रुतली. मग ओंडके टाकले, साखळ्या लावल्या, तेव्हा कुठे हलला. वडलांचा ट्रॅक्टर म्हणून लॉरीवर चढवताना साहेब स्वतः खांदा लावून उभे होते. बूट गेले, शर्ट गेला, पण हटले नाहीत.

बाळ्या : अण्णांची वस्तू होती. ती अशी सडायला नको होती.

ताई : भट्टीवाल्याला विकली अण्णांनीच.

बाळ्या : वेळच तशी होती तेव्हा.

ताई : वेळ कसली? मी सासरी गेले आणि महिन्याच्या आत विकला.

मिस्त्री : इंजिन मात्र अस्सल हो. पिस्टन जाम झाले होते, तेलात भिजत ठेवले, हळूहळू सुटले. चालवणाऱ्याने जीव लावलेला दिसतो. नाहीतर लोक क्लचवर पाय ठेवून झोपा काढतात. हा क्लच बघा, कसा राखलाय! भट्टीवर तर हा जागेवरच पंपाला जुंपला होता, चालवला कुणी नाही.

ताई : क्लचच्या पेडलवर लाकडाचा ठोकळा होता. तारेने बांधलेला.

मिस्त्री : होता ना! मी म्हटलं, हा कुणाचा पाय म्हणायचा? साहेबांना विचारलं, तर म्हणाले, मूळचा नाही, काढून टाका. टाकला शेगडीत.

बाळ्या : असेल कुणाचा तरी जुगाड. ते सोड. ताई, उद्याचं नीट ऐक. शेतकी शाळेच्या फाटकातून मिस्त्री ट्रॅक्टर आत घेतील, चौथऱ्यावर चढवतील. मग अण्णांना उचलून सीटवर बसवायचं. फोटो, हार, भाषणं. तू पुढच्या रांगेत बस, बायकांसाठी खुर्च्या राखून ठेवल्यात.

ताई : फाटकापासून चौथऱ्यापर्यंत मी नेते.

बाळ्या : काय नेतेस?

ताई : ट्रॅक्टर. मी चालवते. तेवढ्यासाठीच आलेय, बाळ्या.

बाळ्या : काहीतरीच काय! चेष्टा करायची वेळ आहे का ही? सगळा गाव येणार आहे. अण्णांचा सत्कार आहे तो. भाषणात काय सांगणार आहे माहितीय? टेकडीपलीकडचा माळ एकट्या माणसाने फोडला. अंगात तो काळा कोट, डोक्यावर टोपी. रस्त्यावरून कुणी हाक मारली, तर नुसता हात वर. थांबणं नाही, गप्पा नाहीत. ट्रॅक्टरवर बसले की अण्णा कुणाशी बोलत नसत! लोक अजून उदाहरण देतात.

ताई : बोलले असते तर आवाज पोरीचा आला असता.

मिस्त्री : ...मी जरा चहाचं बघून येतो.

ताई : थांबा मिस्त्री. तुमच्यापासून काय लपवायचं? तुमच्या हाताने तर तो ठोकळा सोडवलात. माझ्या पायासाठी बांधलेला होता तो. पाय पुरत नव्हता माझा.

बाळ्या : ताई, काय बोलतेयस तू?

ताई : अण्णांना फिट यायची. पहिली आली ती याच ट्रॅक्टरवर, नांगर जमिनीत असताना. मी डबा घेऊन गेले होते. धावत चढले, इंजिन कसं बंद केलं ते माझं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आईने त्यांचा कोट माझ्या अंगात चढवला, बाह्या दुमडल्या, केस टोपीत कोंबले. माझं दप्तर माळ्यावर गेलं, ते परत खाली आलं नाही. तुझं हॉस्टेल, तुझं कॉलेज, सगळं त्या माळावर उगवलं, बाळ्या. लोक हात करायचे, मी हात करायचे. तोंड उघडायची सोय नव्हती.

बाळ्या : मी सुट्टीत यायचो की घरी!

ताई : आणि तू आलास की ट्रॅक्टर दुरुस्तीला गेलेला असायचा. दर सुट्टीत. आठवतंय का?

मिस्त्री : लहान तोंडी मोठा घास घेतो, साहेब. पण हे इंजिन माझ्याआधी कुणी उघडलेलंच नव्हतं.

बाळ्या : तुम्हाला विचारलंय का कुणी?

मिस्त्री : नाही साहेब. चुकलं.

(मिस्त्री हात पुसत बाहेर जातो.)

बाळ्या : इतकी वर्षं का नाही बोललीस?

ताई : आईने गळ्याची शपथ घातली होती. म्हणायची, पोरीच्या जिवावर खातात असं कुणी बोललं, तर अण्णा जिवाचं बरंवाईट करून घेतील. आता आई गेली, तिची शपथही गेली. मला हार नको, खुर्ची नको. एवढ्या गावात मला एकदा याच्यावर बसलेलं बघू दे लोकांना. माझ्या साडीत, उघड्या तोंडाने. उद्या चाकं सिमेंटमध्ये पक्की केलीत की संपलं.

बाळ्या : अण्णा समोर बसलेले असतील, ताई. त्यांच्या तोंडावर हे करायचं? शेवटचा मान आहे त्यांचा.

ताई : माझा तर पहिलाच आहे.

बाळ्या : उद्या नको. नंतर आपण घरच्या घरी बसू, मुलांना सगळं नीट सांगू.

ताई : घरच्या घरीच तर ठेवलं होतं आजवर! मन मारून मारून माझं काय झालंय, ते तुला नाही कळायचं.

बाळ्या : समजून घे गं. पत्रिका वाटून झाल्यात.

ताई : बाळ्या, इकडे बघ. मी एवढं सांगितलं आणि तू एकदाही म्हणाला नाहीस की हे खोटं आहे.

(बाळ्या फडक्याने स्टेअरिंग पुसायला लागतो.)

ताई : तुला माहीत होतं.

बाळ्या : माहीत नव्हतं. आईची शप्पथ. ठोकळा बघितला तेव्हा शंका आली. सीटसुद्धा पार पुढे ओढून बसवलेली. अण्णा एवढे उंच, त्यांचे गुडघे स्टेअरिंगला लागले असते. म्हणून मग त्यांना विचारलं.

ताई : काय म्हणाले?

बाळ्या : म्हणाले, 'तुझी ताई ट्रॅक्टरच्या आवाजालाच भ्यायची. कधी जवळ फिरकली नाही.'

ताई : वय झालं. विसरले असतील.

बाळ्या : नाही गं. माझ्या पहिलीच्या बाईंचं नावसुद्धा अजून आठवतं त्यांना.

ताई : सांगताना अडखळले का रे? जरा तरी?

बाळ्या : नाही.

ताई : मग मला का नाही विचारलंस? एक फोन करायचास.

बाळ्या : तू खरं सांगितलं असतंस.