भिंतीपलीकडचा पाळणा

“ऋजुता, गटावर टाकायच्या आधी एकदा शेजारी जाऊन विचार गं! भिंतीपलीकडेच तर राहतात त्या.”

सासूबाईंनी एवढंच सांगितलं होतं. सुनेनं काय केलं? जे तुम्ही-आम्ही करतो तेच, मंडळी! “हो आई” म्हणाली आणि मोबाइलवर अंगठा चालवला!

तर आज देवाच्या दारात प्रश्न असा मांडलाय की माणूस आधी पुरावा बघतो आणि मग मत बनवतो, की आधी मत बनवतो आणि मग पुरावा शोधायला निघतो? लगेच उत्तर देऊ नका. मागे खांबाजवळच्या आजोबांनी मत दिलंसुद्धा, दिसलं मला! थांबा जरा. गोष्ट ऐका.

कऱ्हाडात रेणुका अपार्टमेंट नावाची एक इमारत. तिथे ही ऋजुता राहायची. मायक्रोबायॉलॉजीची पदवी, आणि पहिलटकरीण. म्हणजे बघा! खुळखुळा दोनदा उकळायची. पाळण्यावर कॅमेरा लावलेला, आणि स्वतः पाळण्याशेजारी बसून लेक मोबाइलमध्ये बघायची! हसताय? हसा. माझं पिल्लू आत्ता मागे आजीच्या मांडीवर झोपलंय. झोपलंय ना हो आई? हात वर करा! ... बरं. चला, पुढे.

शेजारी मंदाकाकू ताम्हनकर. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आवाज असा, की यांना फोन कशाला हवा! एकट्याच राहायच्या. लेक परदेशात. माणसांशी बोलणं सगळं ‘रेणुका परिवार’ या मोबाइलवरच्या गटात. सकाळी सुप्रभात, पाठोपाठ राजकारण! काकूंचा पक्ष एक, ऋजुताचा दुसरा. कुठला कुणाचा? नाही सांगणार! नाव घेतलं की अर्धा मंडप उठून जाईल, आणि उरलेला अर्धा त्यांचाही प्रसाद खाईल.

नगरपालिकेच्या निवडणुकीत दोघींची जुंपली. काकू लिहायच्या, “गटारं कुणी बांधली?” ऋजुता लिहायची, “तुंबवली कुणी?” जिन्यात भेट झाली की दोघी गोड हसायच्या. गटारं फक्त गटावर!

पण काकूंचा एक गुण सगळ्या इमारतीला ठाऊक होता. कुणाच्याही घरी बारसं असलं, की त्या बाळासाठी नवा पाळणा रचायच्या. आई-बाप, मावशी-आत्या, घरातली मांजर, सगळं त्यात यायचं. कुणाकडून दमडी नाही. घुगऱ्यांची वाटी मात्र हक्कानं मागून घ्यायच्या!

ऋजुताच्या लेकीचं बारसं झालं. आत्यानं कानात ‘रेवा’ म्हणून कुर्र केलं, बायकांनी पाळण्याखालून बाळाची देवघेव केली, आणि काकूंनी सूर लावला —

“आई जागते उगाच बाई,
वाऱ्याला म्हणते, वाजू नकोस काही,
रेवा निजली, आईला नीज नाही...”

मंडळी, बायकांचे पदर डोळ्यांना लागले! ऋजुताचाही लागला. आपलं जागरण कुणीतरी पाहिलंय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी डोकं चालू झालं! एवढं हळवं, एवढं नेमकं, आणि या बाईनं? जिला तुंबलेलं गटार दिसत नाही, तिला माझं जागरण दिसलं?

बघा हं, गंमत इथेच आहे. पाळणा वाईट असता तर संशयच आला नसता! चांगला होता, आणि नावडत्या पक्षाच्या बाईचा होता. मग काय, मोबाइलमध्ये एक अ‍ॅप उतरवून घेतलं. मजकूर टाका, तो माणसाचा की यंत्राचा ते सांगतो म्हणे. पाळणा टाकला. उत्तर आलं, “बहुतांश यंत्राचं. कारण, त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा येतात.”

अहो, पाळण्यात तीच ओळ पुन्हा येणार नाही तर काय हवामानाचा अंदाज येणार? पाळणा हलतो कसा? इकडून तिकडे, तिकडून इकडे! माझं हे कीर्तन त्या अ‍ॅपला घातलं तर म्हणेल, या बाई यंत्रच आहेत, दर दोन मिनिटांनी ‘मंडळी’ म्हणतात!

पण आपल्याला हवं तेच यंत्रानं सांगितलं, की ते विज्ञान. सासूबाई म्हणाल्या, विचारून ये. ऋजुतानं गटावर टाकलं, “कलेत प्रामाणिकपणा हवा, एवढंच माझं मत. कुणाच्या भावना दुखवायचा हेतू नाही.” खाली अ‍ॅपचं उत्तर चिकटवलेलं!

मग काय हो! जे कधी ‘शुभेच्छा’सुद्धा लिहीत नव्हते, ते सगळे कलेचे जाणकार झाले. एक म्हणाला, यंत्राची कला ही कलाच नव्हे. दुसरा म्हणाला, त्यांच्या पक्षाचं सगळंच नकली. तिसरा म्हणाला, आमच्या बारशालाही असंच दिलं असणार, आम्ही फसलो!

काकूंनी एकच ओळ लिहिली, “अभिप्रायाबद्दल आभारी आहे.” आणि गट सोडला.

दुसऱ्या दिवशी सुप्रभात नाही, राजकारण नाही. कुणीतरी लिहिलं, “किती शांत वाटतंय!” त्याला अंगठे केवढे! ऋजुताचाही एक.

आठवडा सरला. एका दुपारी रेवा काही केल्या झोपेना. ऋजुता थोपटून थोपटून दमली. घर गप्प होतं. फारच गप्प. काय कमी आहे, ते तिच्या ध्यानात येईना. मग एकदम आलं. भिंत!

बारशाच्या आधी रोज दुपारी भिंतीपलीकडून डब्यावर ठेका वाजायचा. ठक-ठक, ठक. मग काकूंचा आवाज, “वाऱ्याला म्हणते... छे! पुन्हा.” पुन्हा ठक-ठक. आणि हीच ऋजुता भिंतीवर मूठ आपटून ओरडायची, “काकू, बाळ झोपलंय!”

पाळणा तिच्या कानाशी रचला जात होता, मंडळी! रोज तिनं ऐकला होता. आणि हिनं विचारलं कुणाला? अ‍ॅपला!

आणि मग दुसरा विचार आला. ठेका तर थांबला होताच. पण कालपासून पलीकडे भांडं वाजलं नाही, नळ वाजला नाही. लेकीचा प्रत्येक श्वास ऐकणाऱ्या बाईनं हे ऐकलंच नव्हतं!

रेवाला कडेवर घेतलं, सासूबाईंकडे ठेवलेली काकूंची जादा किल्ली घेतली, दार उघडलं. काकू न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेल्या. ओठ कोरडे, पाय सुजून भोपळा.

“काकू! हाक का नाही मारलीत?”

“मारणार होते. म्हटलं, बाळ झोपलं असेल.”

“अहो, भिंत ठोकायची!”

“आणि तू आधी तपासलं असतंस, म्हातारी ओरडतेय की यंत्र!”

ऋजुता रडायलाच लागली. सासूबाई धावत आल्या, पाणी पाजलं, रुग्णवाहिका बोलावली. ऋजुता काकूंचा हात धरून म्हणाली, “चुकलं माझं.”

काकू म्हणाल्या, “चूक केलीस चारचौघांत, आणि माफी न्हाणीघरात?”

ऋजुतानं तिथेच, ओल्या फरशीवर बसून, गटावर लिहिलं, “पाळणा काकूंचाच आहे. मी भिंतीतून ऐकत होते. मी खोटं बोलले.” पहिलं उत्तर काय आलं असेल? “पक्ष बदललात वाटतं!”

मोडलेल्या पायात सळई घातली, काकू घरी आल्या. रोज त्यांचा डबा ऋजुता देते. गटारांवरून रोज भांडतात, आता तोंडासमोर! पण तिसऱ्या मजल्यावरची सून बारशाचा पाळणा मागायला गेली, तेव्हा काकू म्हणाल्या, “नाही गं. आता जुळत नाही.” ऋजुता डबा हातात घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं.

गोष्ट गोड करून संपवायची कीर्तनकाराला सवय असते. ही नाही होत, मंडळी. मी पुष्कळ खटपट केली!

आता तुमच्याकडे वळते. खिशातला मोबाइल चाचपू नका, वरच बघा. तुमच्या गटातून कुणीतरी निघून गेलंय. किंवा आहे, पण बोलत नाही. फार बोलायचं, चुकीच्या पक्षाचं बोलायचं, म्हणून ते गप्प झालं तेव्हा तुम्हाला बरं वाटलं. आठवला चेहरा? आठवलाच! मग आरती झाली की प्रसाद घ्या, आणि घरी जाण्याआधी त्या दाराशी जा. संदेश पाठवू नका. कडी वाजवा. आतून आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.