ताजं राहावं म्हणून

(नाशिक, १९९८. कॉलेज रोडवरच्या एका दवाखान्यातलं बाकडं. मखमलाबादच्या कुसाबाई आणि त्यांची सून प्रतिभा बसल्या आहेत. कुसाबाईंचा मुलगा समाधान अजून यायचाय.)

कुसाबाई : ...आणि मी म्हणते, तिसऱ्या खेपेला तेच करून वेगळं काय निघणार हाय?

प्रतिभा : डॉक्टर म्हणाले, तीनदा तरी करून बघावं.

कुसाबाई : म्हणतीलच की. दुकान हाय त्यांचं. नेमकं करतात काय, ते तरी सांग मला एकदा. गावात विचारतात लोक.

प्रतिभा : गावात सांगायचंय का ते?

कुसाबाई : तू मला सांग. पुढचं मी बघीन.

प्रतिभा : यांचं बाटलीत घेतात. ते धुतात, त्यातलं चांगलं तेवढं निवडतात आणि नळीनं माझ्या पिशवीत सोडतात.

कुसाबाई : धुतात. तांदूळ हाय का तो? मला पाच झाली, कुणी काय निवडायला बसलं नव्हतं.

प्रतिभा : हळू बोला आई. समोरची बाई बघतेय.

कुसाबाई : बघू दे. ती काय हवा खायला आलीय इथं? हे बघ प्रतिभा, मी तोंडावर बोलते, मागून बोलायची सवय नाय मला. या खेपेला राहिलं तर ठीक. नाय तर सिन्नरच्या माणसांना मी हो कळवणार. पोरगी धडधाकट हाय. तू राहा की घरात, तुला कोण हाकलतंय.

प्रतिभा : घरात म्हणजे कुठं? आपल्या मळ्यात गुलाब खुडायला?

कुसाबाई : ओझरला बापाच्या क्वार्टरात जाऊन बसण्यापेक्षा बरं.

प्रतिभा : यांना विचारलंत?

कुसाबाई : त्याला काय विचारायचं? त्याच्यात खोट नाय, पहिल्या तपासणीलाच सांगितलंय डॉक्टरनं.

प्रतिभा : माझ्यातही नाही म्हणाले.

कुसाबाई : मग काय माझ्यामुळं अडलंय? ...हा बघ, आला.

समाधान : उशीर झाला का? अशोक स्तंभाला गाड्या अडकल्या होत्या. एम-एटी ढकलत आणली.

प्रतिभा : द्या बाटली. आत सिस्टर थांबल्यात.

समाधान : मी देतो ना. दर वेळी मीच देतो.

प्रतिभा : आज मला सांगितलंय त्यांनी. द्या... अहो, ही गार कशी?

समाधान : कुठं गार?

प्रतिभा : हाताला झोंबतेय. ओलीपण आहे.

कुसाबाई : एवढ्या उन्हातनं गार आणली, त्यात तुझं काय बिघडलं?

प्रतिभा : कशातून आणलीत?

समाधान : खोक्यातून.

प्रतिभा : कुठल्या?

समाधान : थर्माकोलच्या. गुलाबाच्याच. धुऊन घेतला होता मी. खाली बर्फ, वर ओलं फडकं. खोका खाली गाडीलाच बांधलेला आहे, इथं कशाला आणायचा.

प्रतिभा : मागच्या वेळी?

समाधान : तसंच.

प्रतिभा : त्याच्या आधी?

समाधान : ताजं राहावं म्हणून गं. सिस्टर म्हणाल्या होत्या, लवकर आणा, ताजं पाहिजे. आपला गुलाब दादरला उतरतो तेव्हा कळी जशीच्या तशी असते. हे तर इथल्या इथं आणायचं.

कुसाबाई : बरोबर हाय त्याचं. नासू नये म्हणूनच बर्फ घालतात.

प्रतिभा : आणखी काय म्हणाल्या होत्या सिस्टर?

समाधान : म्हणाल्या काहीतरी. खिशात... अंगाशी...

प्रतिभा : ऐकलं नाहीत?

समाधान : ती माझ्याहून लहान पोरगी, तिच्या हातात ती बाटली, आणि ती मला समजावून सांगतेय. मी फरशीकडं बघत होतो.

प्रतिभा : बसा इथं. मी विचारून येते.

समाधान : आता कशाला विचारतेस... प्रतिभा... गेली.

कुसाबाई : जाऊ दे. पण तू घरनं कशाला आणतोस? इथं द्यायची सोय नाय का?

समाधान : आहे. मुतारीशेजारी खोली आहे. कडी लागत नाही धड. बाहेर माणसं बसलेली असतात, आत गेलेला माणूस कशाला गेलाय ते सगळ्यांना माहीत.

कुसाबाई : मग पहिल्या तपासणीला कुठं दिलं होतं?

समाधान : इथंच.

कुसाबाई : तेव्हा चांगलं निघालं.

समाधान : हो.

कुसाबाई : आणि नंतर?

समाधान : नंतर डॉक्टर म्हणाले, हालचाल कमी दिसतेय. थकलाय का म्हणाले. लग्नसराई होती, माल जात होता रोज. मी म्हटलं, हो.

कुसाबाई : दोन्ही खेपेला म्हणाले?

समाधान : हो.

कुसाबाई : आणि घरी येऊन गप जेवलास.

समाधान : काय सांगणार होतो आई? ती काय जेवताना बोलायची गोष्ट आहे?

कुसाबाई : समाधान, कोंबडी बसवतो आपण, तेव्हा अंडी कुठं ठेवतो?

समाधान : तिच्याखाली.

कुसाबाई : का? बर्फात ठेवायची की. ताजी राहतील.

समाधान : आत्ता तूच म्हणालीस, बरोबर आहे त्याचं.

कुसाबाई : मला कुणी सांगितलं होतं का, त्यात हालतंय चालतंय म्हणून? तुला डॉक्टरनं सांगितलं होतं. अरे, खुडलेला गुलाब मेलेला असतो. मेलेलं ठेवतात बर्फात.

प्रतिभा : सिस्टरनी ओतून दिली ती.

समाधान : काय म्हणाल्या?

प्रतिभा : आधी हसल्या. मग माझं तोंड बघून गप्प झाल्या. थंडीनं सगळं निपचित पडतं म्हणाल्या. शर्टाच्या आत, अंगाशी धरून आणायचं असतं. आणि त्याहून चांगलं म्हणजे इथंच द्यायचं. डॉक्टर दुपारपर्यंत आहेत. चहा घ्या, थोडं थांबा आणि परत द्या. चालतं म्हणाल्या.

समाधान : इथं? त्या खोलीत नको. कडी...

प्रतिभा : कडी. आत टेबलावर पाय वर टाकून मी निजते ना, तिथं दारसुद्धा नाही, नुसता पडदा आहे. पंख्यानं सारखा उडतो. मी छताकडं बघत पडते. बाहेर आले की तुमची आत्या पोटाकडं बघते, मामा पोटाकडं बघतात, मळ्यातल्या बायका फुलं सोडून माझ्याकडं बघतात. आणि तुम्हाला कडी लागत नाही.

समाधान : मी मुद्दाम केलं का?

प्रतिभा : मुद्दाम केलं असतंत तर बरं. डोकं चालतं एवढं तरी म्हणता आलं असतं.

समाधान : लोक ऐकतायत.

प्रतिभा : ऐकू दे. डॉक्टर दोनदा तुम्हाला सांगतात आणि तुम्ही दोनदा गिळता. तिकडं सिन्नरला पोहे शिजायची वेळ आली, तरी तोंड उघडलं नाहीत. तुमच्यासमोर आई मला वांझ म्हणाल्या. तुम्ही खोके मोजत होतात.

समाधान : मला वाटलं, आईपुढं असलं कसं...

कुसाबाई : आईला मधी घेऊ नको आता. तुझी लाज सांभाळायला मी या पोरीला घराबाहेर काढत होते, कळतंय का तुला?

समाधान : कळतंय.

कुसाबाई : काय कळत नाय. जा, चहा पी. आणि फरशीकडं बघत पिऊ नको, सांडशील.

समाधान : चहा नको. जातो मी. पण दार...

प्रतिभा : मी उभी राहते दाराशी. कुणी येणार नाही.

समाधान : आई तिथं नको.

कुसाबाई : मला काय हौस हाय का रे? जा तू.

प्रतिभा : जा. आणि घाई करू नका. मी आहे बाहेर.

समाधान : हाक मारू नकोस मध्येच.

प्रतिभा : नाही मारत.

कुसाबाई : ...गेला का आत?

प्रतिभा : गेले. आई, सगळं नीट करूनही राहत नाही पुष्कळदा. सिस्टर म्हणाल्या आत्ता. या खेपेला नाहीच राहिलं, तर?

कुसाबाई : तर पुढच्या महिन्यात यायचं. मी आणीन त्याला, दावं लावून.

प्रतिभा : आणि सिन्नरच्या माणसांना?

कुसाबाई : त्या पोरीनं काय घोडं मारलंय कुणाचं, असला नवरा मिळायला?

प्रतिभा : तुम्ही कुठं उठलात? त्यांना आवडणार नाही.

कुसाबाई : त्याच्याकडं पाठ करून उभी राहते. सरक थोडी. एवढं रुंद दार, एकटीच्यानं झाकायचं नाय.