शुक्रवारचा चौथा ठराव

मंडळी, सीताबाई,

एवढ्या उन्हात तुम्ही सगळे शाळेच्या आवारात जमलात. मला बोलायला उभं केलंत. विधानसभेत मी पुष्कळ बोललो, आज एका माणसाबद्दल बोलतो.

डोमाजीभाऊ गेले. आपल्या आरमोरीचा हा माणूस नागपूरला विधानसभेच्या कचेरीत कारकून होता. पुढच्या आठवड्यात सभागृहात कोणतं काम कधी येणार, त्याची यादी ते लिहीत.

अहेरीकडे फिरता दवाखाना द्या, असा माझा ठराव होता. आम्हा आमदारांच्या ठरावांना शुक्रवारची दुपार मिळे. कोणाचा आधी, ते चिठ्ठ्या काढून ठरे. माझा चौथा निघाला. चौथ्यापर्यंत वेळ पुरतो कधी? मी त्यांच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "डोमाजीभाऊ, आपल्या भागाचं काम आहे. माझं नाव वर घ्या."

ते म्हणाले, "भाऊ, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर निघाल्या. मले नाई करता येत."

मी चिडलो. भर कचेरीत ओरडलो, "नागपुरात पंख्याखाली बसून तुले काय समजते, तिकडं माणसं कशी मरून राह्यली!"

ते मान खाली घालून लिहीत राहिले.

मग एका गुरुवारी संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. दारातूनच म्हणाले, "भाऊ, उद्या चहाले उठून जाऊ नका. पहिल्या ठरावाचे साहेब आजारी हायेत. दुसऱ्यानं ठराव मागं घेतला. तुमचा नंबर लागू शकते." आणि जाता जाता म्हणाले, "तुम्हालेच नाई, पाचव्यालेही सांगून आलो."

मी जागचा हललो नाही. चारच्या सुमाराला माझं नाव पुकारलं. मंत्र्यांनी दवाखाना कबूल केला. आज अहेरीच्या बाजाराला डॉक्टरची गाडी येते, ती तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पाहिली आहे.

मी त्यांचे आभार मानायला गेलो. म्हणाले, "माहे आभार काऊन? तुम्ही बसून राह्यले म्हणून झालं." मंडळी, आभार मानले, पण माफी मी मागितली नाही.

परवा सीताबाईंनी मला एक गोष्ट सांगितली. डोमाजीभाऊंची आणि त्यांची लेक यमुना अहेरीकडे दिली होती. तापानं फणफणली. बैलगाडीत घालून डॉक्टरकडे नेताना वाटेतच गेली. मी कचेरीत ओरडलो, त्याच्या आदल्याच वर्षी.

मी विचारलं, "बाई, त्यांनी मले काऊन नाई सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही आणखी जोर केला असता, भाऊ. मग त्यांच्यानं नाई म्हणवलं नसतं."

अशा माणसाला मी काय बोललो! कोणाला बोललो!

सीताबाई, त्यांची माफी मागायची राहून गेली. ती मी आज तुमच्यापाशी मागतो.

मंडळी, आता सगळे उभे राहू. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

डोमाजीभाऊ, माझा रामराम घ्या.